भाडेकरूचं पाणी आणि आपलं पहिलं अणुव्रत



आज आमच्याच घरातली गोष्ट लिहिते आहे, आणि चूकही आमच्याच घरची आहे.

येवल्यातल्या आमच्या वाड्यात मागच्या दोन खोल्यांत अकरा वर्षांपासून एक विणकर कुटुंब भाड्यानं राहतं. एका खोलीत संसार, दुसरीत जमिनीत खड्डा घेऊन बसवलेला पैठणीचा माग. भाडं दर महिन्याला रोख आणि वेळेवर. पावती आम्ही कधी दिली नाही, त्यांनी कधी मागितली नाही.

गेल्या चातुर्मासात घरच्या पुरुषांनी त्यांच्याकडे तीन वर्षांचा 'मेंटेनन्स' एकदम मागितला. मोटारीचं वीजबिल, टाकीची सफाई, वाढलेली घरपट्टी, सगळं मिळून १८ हजार रुपये. खोल्या देताना यातलं काहीच बोलणं झालं नव्हतं. विणकरबाईंनी बिलं पाहायला मागितली. बिलं काही निघाली नाहीत, राग मात्र निघाला. "आठ दिवसांत खोल्या खाली करा!" आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या नळाचा कॉक बंद केला.

त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाभी, भांडीकुंडी एका दिवसात हलवीन. पण मागावर साडी अर्धी आहे, ती कशी हलवू?" येवल्यात राहणारीला हे वेगळं सांगावं लागत नाही. एकेका पैठणीला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. मध्येच ताणा सोडवला तर साडी गेली, आणि तिच्यावरची मजुरीही गेली.

त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले, आणि पहिल्या अणुव्रताच्या अतिचारांपाशी मन अडकलं. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि पाचवा अन्नपाननिरोध. आश्रयाला असलेल्या जीवाचं अन्नपाणी तोडणं. हा अतिचार गुराढोरांचा, असं समजून मी वर्षानुवर्षं पुढे जात होते. आपण पाणी गाळून, उकळून पितो, डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांना जपतो. आणि भिंतीपलीकडच्या घरात हंडा रिकामा!

आपले घरमालक म्हणतात, "आमची जागा, आमची मर्जी." कायदा तसं म्हणत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरूचं पाणी किंवा वीज सबळ कारणाशिवाय तोडणं हा गुन्हा आहे. भाडं थकलं तरी आधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ९० दिवस गेल्याशिवाय त्या कारणानं दावा लावता येत नाही. दाव्याचं समन्स आल्यावरही भाडेकरूनं ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के व्याज आणि खर्चासह भरली, तर थकबाकीपोटी त्याला काढता येत नाही. घरपट्टी वाढली तर ती वाढ भाड्यात धरायची मुभा आहे, पण मनाला येईल तो आकडा लावायची नाही. घेतलेल्या प्रत्येक पैशाची पावती देणं मालकाला बंधनकारक आहे. आणि कोणाला जबरदस्तीनं बाहेर काढलंच, तर सहा महिन्यांच्या आत दिवाणी न्यायालयात जाऊन त्याला ताबा परत मागता येतो.

तिसऱ्या अणुव्रतातला विरुद्धराज्यातिक्रम म्हणजे राज्याच्या नियमाविरुद्ध जाणं. मग हे वागणं दुसरं काय आहे?

मालकांची भीती खोटी नाही, हेही लिहायला हवं. पिढ्यान्‌पिढ्या जुन्या नाममात्र भाड्यावर बसलेले, जागा न सोडणारे भाडेकरू आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण त्यावर उपाय कुलूप नाही, कागद आहे. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी कायद्यानं मालकावरच टाकली आहे. तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे आळस आपला आणि शिक्षा विणकरबाईंना, असा हा प्रकार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉक मी उघडला. घरात दोन दिवस अबोला होता. मग मी कपाटातल्या पिशव्या उपसून बिलं शोधली. घरपट्टीच्या पावत्या मिळाल्या, सफाईचा कागद कुठेच नव्हता. घरपट्टीच्या वाढीचा आपला वाटा विणकरबाईंनी कबूल केला आणि तीन हप्त्यांत दिला, आम्ही पावती दिली. मोटारीच्या बिलावरून अजून एकमत नाही. चालेल. तो वाद बसून मिटवू, तोवर पाणी चालू आहे. ती साडी दिवाळीच्या आधी मागावरून उतरली.

त्या वर्षी संवत्सरीला सगळ्या नातेवाइकांना फोन करण्याआधी मी मागच्या खोलीत जाऊन क्षमा मागितली. त्या नुसत्या हसल्या आणि चहा ठेवला.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी भाड्याची वही आपल्याच हातात असते. पुढच्या भाड्याच्या दिवशी एक पावतीपुस्तक आणा. भाडं किती, त्यात पाणी आहे का, वीज कोणाची, घरपट्टी कोणाची, हे दोघांच्या सहीनं लिहा. आणि तुम्ही स्वतः भाड्यानं राहत असाल, तर पावती मागायला संकोचू नका.

जय जिनेंद्र.