नफ्याला घट म्हणू नका



घट म्हणजे काय, हे कांदा चाळीत ठेवणाऱ्या माणसाला कुणी शिकवू नये. एप्रिलात शंभर पिशव्या भरायच्या आणि सप्टेंबरात मोजायला बसायचं, म्हणजे कळतं. पाणी उडतं, काही सडतो, काही कोंब धरतो, काहीवर काजळी येते. चार-पाच महिन्यांत पाव हिस्सा, कधी त्याच्याही वर गेलेला असतो. ही घट. डोळ्याला दिसते, नाकाला कळते आणि पाटीत भरून उकिरड्यावर नेऊन टाकावी लागते.

आता मला सांगा, सीलबंद पाकिटातल्या ९९९ शुद्धतेच्या सोन्याच्या नाण्याला घट कुठून येते? ते सडतं का? त्याला कोंब येतो का?

२०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता, ते आपल्या भागात सगळ्यांना आठवत असेल. असं वर्ष दहा वर्षांत एखादं. त्या पैशातून आम्ही घरात दहा-दहा ग्रॅमची दोन नाणी घेतली. दागिना घेतला की घडणावळ जाते, नाणं म्हणजे रोकड, असा विचार. विकणाराही तेच म्हणाला होता, "काका, नाणं म्हणजे चेक समजा. कधीही वटवा."

२०२५ च्या जूनमध्ये वटवायला निघालो. मुलीच्या कॉलेजची फी आणि खरिपाचं बियाणं एकदमच आलं होतं.

पहिलं दुकान, जिथून घेतली तेच. पावती, पाकीट, सगळं बरोबर नेलं. काउंटरवरचं पोरगं म्हणालं, "काका, बदल्यात दागिना घ्या, पूर्ण भाव लावतो. पैसे पाहिजेत तर तीन टक्के घट." मी विचारलं, "दागिना घेतला तर घट होत नाही आणि पैसे घेतले तर होते? नाणं तर तेच आहे ना?" पोरगं गप्प. आतून शेठचा आवाज आला, "आमची पॉलिसी आहे."

दुसरं दुकान. "आमचा माल नाही, पाकीट फोडून तपासावं लागेल. चार टक्के घट धरतो." पहिल्याच्या पावतीमागं बारीक अक्षरात छापलेलं, की पाकीट फोडलेलं नाणं परत घेतलं जाणार नाही. म्हणजे फोडलं तर तो घेणार नाही आणि न फोडता हा बघणार नाही. मधे कोण? आपण.

तिसरं दुकान. दोनच टक्के, पण पावती नाही. "पावती कशाला पाहिजे मामा, रोख घेऊन जा." मी उठलो. जुन्या सोन्यापोटी एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिली तर सराफाला ती खर्चात धरता येत नाही. मग असा व्यवहार वहीत दिसणार कसा? उद्या काही चौकशी निघाली तर आपल्या हातात कागदाचा कपटा नाही.

चौथं दुकान. भिंतीवर पाटी, तीवर दोन भाव. विकतो तो एक, घेतो तो एक. माणसानं आधी पंखा बंद केला, काटा शून्यावर आलेला दाखवला, पाकीट माझ्यासमोर फोडलं, मशीनचा आकडा माझ्याकडं वळवला. म्हणाला, "दादा, यात एक टक्का आमचा नफा आहे." पावती केली आणि पैसे खात्यावर सोडले. घट हा शब्द त्याच्या तोंडात एकदाही आला नाही. तो एक टक्का दिल्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही. दुकान चालवायचं तर नफा पाहिजेच. आम्ही काय फुकट पिकवतो का?

हिशोब करून बघा. सोप्यासाठी दहा ग्रॅमला एक लाख भाव धरू. दोन नाण्यांचे दोन लाख. चार टक्क्यांनी आठ हजार गेले, एक टक्क्यानं दोन हजार. मधले सहा हजार म्हणजे माझ्या रानातल्या मजुरीचे किती दिवस होतात, ते ज्याचं त्यानं मोजावं. शिवाय घेताना ३ टक्के जीएसटी भरलेला असतो, नाण्यावरही थोडी मजुरी लावलेली असते. ते परत येत नाही, हे आम्हाला समजतं. आमचं भांडण त्याच्याशी नाही.

आमचं भांडण त्या एका शब्दाशी आहे. दागिन्याला घट असते, हे मी मान्य करतो. टाक्याला डाग लावलेला असतो, पोकळ मण्यात लाख भरलेली असते, खडे असतात, वर्षानुवर्षांचा मळ असतो. वितळवल्यावर वजन उतरणारच. तीही किती उतरली ते आपल्यासमोर वितळवून, आधीचं आणि नंतरचं वजन लिहून सांगावं, म्हणजे झालं. पण नाण्याला डाग नाही, लाख नाही, खडा नाही. तिथं घट म्हणून जे कापतात तो निव्वळ नफा आहे. नफा म्हटला की गिऱ्हाईक भाव करतं, दुसऱ्या दुकानाशी ताडून बघतं. घट म्हटली की गिऱ्हाईक मान खाली घालतं, कारण घट देवाघरची वाटते. म्हणून हा शब्द ठेवलाय. आपल्या बाजारात कडता असाच होता. मालाला माती आहे, ओल आहे म्हणत क्विंटलमागं किलो-दोन किलो काढायचे. माती नसली तरी काढायचे. आपण त्यावर भांडलो. मग सोन्याच्या दुकानात गेल्यावर आपली जीभ का लुळी पडते?

का पडते तेही सांगतो. सोनं मोडायला आलेला माणूस हौसेनं आलेला नसतो. दवाखाना असतो, फी असते, बोअर फेल गेलेली असते. बाई सोबत असेल तर गळ्यातलं उतरवून आणलेलं असतं, ओळखीच्यानं बघू नये म्हणून कोपऱ्यात बसलेली असते. अशा माणसाशी भाव कोण करणार? हे काउंटरमागच्याला पक्कं माहीत असतं.

बँकेकडं जावं तर तिथंही एकच दार आहे. काही बँका सोन्याची नाणी विकतात, पण परत विकत घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. तारण ठेवायचं तर दागिन्यावर कर्ज मिळतं, नाण्यांवर ५० ग्रॅमपर्यंत मिळतं. बिस्किट, वळं ठेवून घेत नाहीत. म्हणजे मोडायचं तर शेवटी सराफाचीच पायरी.

सराफांची बाजूही ऐकून घेतली आहे. एक जण म्हणाला, "तुमची माणसं काय कमी ताप देतात का?" खरं आहे. कुणी ट्रॅक्टरच्या चित्राची पाचची नोट घेऊन येतो, कुणी वैष्णोदेवीचं नाणं, आणि मोबाईलवर लाखाचा भाव दाखवून दुकानदाराशीच हुज्जत घालतो. ही उघड फसवणूक आहे. जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीसाठी आपलं नाव वापरून लोकांकडून फी उकळतात, असा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये दिलाय. त्याचा राग सराफावर काढू नये. नांगराला जुनी नाणी लागली तर तीही गुपचूप विकायला नेऊ नयेत. जमिनीत सापडलेलं धन कलेक्टरला कळवायचं, असा १८७८ पासूनचा कायदा आहे. चोरीचा माल गळ्यात पडेल म्हणून सराफ आधार कार्ड आणि मूळ पावती मागतो, तेही बरोबर आहे. द्यावी. पण त्यानं आपल्याकडं कागद मागायचा आणि आपण मागितला की तोंड वाकडं करायचं, हे चालायचं नाही.

आपल्या नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या राणीचा लेख आहे. यज्ञात कुणाला किती गायी दिल्या, किती हजार कार्षापण दिले, ते आकड्यांसकट दगडात कोरलंय. कार्षापण म्हणजे त्या काळचं नाणं. दोन हजार वर्षांपूर्वी दान दिलेल्या नाण्यांचाही हिशोब याच तालुक्यात दगडावर लिहिला गेला. आणि आज विकत घेतलेल्या नाण्याचा हिशोब कागदावर लिहायला यांचा हात अडखळतो.

तर माझं म्हणणं एवढंच:

१. बाजार समितीत जसा भाव फळ्यावर लागतो, तसे प्रत्येक सराफाच्या दुकानात दोन भाव दिसले पाहिजेत. विकण्याचा आणि घेण्याचा.

२. नाणं घेतानाच विचारा, "परत कितीला घ्याल, आणि पैसे द्याल की दागिना?" उत्तर पावतीवर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर पुढचं दुकान.

३. दागिन्यावर बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरेटला ९१६) आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी बघा. १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची विक्री याच खुणेनं होते. बीआयएस केअर ॲपवर तो टाकून खातरजमा होते. नाण्याला आणि बिस्किटाला ही सक्ती नाही, म्हणून तिथं दुप्पट सावध राहा आणि बीआयएस परवाना असलेल्या रिफायनरीचंच नाणं मागा.

४. हॉलमार्क असून शुद्धता कमी निघाली, तर तुटीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद २०१८ च्या बीआयएस नियमांत आहे. पावती असेल तरच त्याचा उपयोग.

५. आजीच्या वेळचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या दुकानातला १० ग्रॅमचा. जुना दागिना मोडताना "किती तोळे" विचारू नका, ग्रॅम विचारा. काट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का, ते बघा.

६. पैसे खात्यावरच घ्या.

चौथ्या दुकानदारानं एका टक्क्यात धंदा केला, पावती दिली आणि गिऱ्हाईक राखलं. त्याला जमतं तर बाकीच्यांना का जमू नये?

नफा घ्या शेठ, खुशाल घ्या. फक्त त्याला नफा म्हणा. घट आमच्या चाळीत असते.