चरबीचा उलटा प्रवास : टेक्सासचे ब्रिस्केट आणि विसरलेले हात

१८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, तेव्हा टेक्सासमध्ये गुरे लाखोंनी होती आणि गिऱ्हाईक नव्हते. मग आखाताच्या किनाऱ्यावर, रॉकपोर्ट-फुल्टनच्या परिसरात कारखाने उभे राहिले. ते मांसासाठी नव्हते. कातडे आणि चरबी यांसाठी होते. चरबी कढयांत वितळवून मेणबत्त्या व साबणासाठी रवाना होई. मांस बहुतांशी डुकरांपुढे पडे किंवा फेकून दिले जाई.

आज त्याच टेक्सासमध्ये ब्रिस्केट, म्हणजे गुराच्या छातीचे मांस, हा अभिमानाचा पदार्थ आहे आणि चरबी सुरीने तासून बाजूला सारली जाते.

या पदार्थाची प्रचलित कथा सुटसुटीत आहे. जर्मन व चेक स्थलांतरित खाटिकांनी न विकलेले मांस धुरावर भाजून ठेवले आणि टेक्सासचे बार्बेक्यू जन्मास आले. लॉकहार्ट येथील १९०० साली सुरू झालेले क्रॉयत्झ मार्केट याचा पुरावा म्हणून दाखवले जाते. कथा खोटी नाही, अपुरी आहे. आणि इतिहासात अपुरी कथा पुष्कळदा खोट्या कथेहून अधिक काळ टिकते. जमिनीत चर खणून, निखाऱ्यांवर रात्रभर अख्खे जनावर भाजण्याची विद्या त्या दुकानांच्या कितीतरी आधीपासून गुलाम कृष्णवर्णीयांच्या हाती होती. १९३० च्या दशकात नोंदवलेल्या माजी गुलामांच्या मुलाखतींत तिची वर्णने आहेत. दक्षिण टेक्सासमधील मेक्सिकन कुटुंबांची खड्ड्यात शिजवलेली बार्बाकोआ वेगळीच. खाटिकाच्या दुकानात कागदावर मांस घेऊन खाणाऱ्यांत कापूस वेचणारे मजूर मोठ्या संख्येने होते. पाटीवर नाव मात्र मालकाचेच राहिले.

ज्यू परंपरेचा दुवा तर बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. ज्यू आहारनियमांत मूत्रपिंडांभोवतालची चरबी निषिद्ध आहे, आणि मागच्या भागातील विशिष्ट शीर काढणे किचकट असल्याने पुष्कळ ठिकाणी तो भागच टाळला जातो. छातीचे मांस पुढच्या भागातले; त्यावरची चरबी चालते. त्यामुळे पूर्व युरोपातील ज्यू स्वयंपाकघरांत हा स्वस्त, चिवट तुकडा मंद आचेवर तासन् तास शिजत असे.

जुन्या टेक्सास दुकानांत खाटिक गुराचा पुढचा भाग आणून हवे तसे तुकडे पाडी. खांद्याचे मांसही तितकेच चाले. १९६७ मध्ये आयोवा बीफ पॅकर्सने तुकडे करून खोक्यांत भरलेले मांस विकण्यास आरंभ केला. तेव्हापासून एकट्या ब्रिस्केटची खोकी मागवणे सोपे झाले. आज जे ‘प्राचीन’ भासते, त्याचे वय इतकेच आहे.

आता सुरीकडे वळू. मांस थंड असतानाच चरबी तासली जाते, कारण थंड चरबी घट्ट राहते. वरचा थर सुमारे ६ मिलिमीटर ठेवतात. दोन स्नायूंमधला कठीण गोळा बराचसा काढून टाकतात. तो पुरेसा वितळत नाही. ‘चरबी वितळून मांसात मुरते’ हा समज मात्र चुकीचा आहे. पाण्याने भरलेल्या स्नायूत ती शिरत नाही, बव्हंशी ओघळून जाते. थराचे खरे काम आचेपासून संरक्षणाचे. मऊपणा येतो तो मुख्यतः संयोजी ऊतींतील कोलॅजेनचे जिलेटिन झाल्याने, आणि त्याला वेळ लागतो. मांसाचे तापमान ६५ ते ७५ अंश सेल्सियसच्या दरम्यान तासन् तास अडून बसते, कारण पृष्ठभागावरील बाष्पीभवन त्याला थंड करत राहते. घाई करणारा स्वयंपाकी इथेच आच वाढवून फसतो. ९५ अंशांच्या आसपास पोहोचल्यावर सळई लोण्यात शिरावी तशी शिरते.

अलीकडे काही भट्ट्यांवर तासलेली चरबी पुन्हा वितळवून, ब्रिस्केट कागदात गुंडाळताना त्यावर ओतली जाते. ग्राहक तिला नवे तंत्र म्हणतात. रॉकपोर्टच्या कढयांत उकळत होती ती हीच. फक्त तेव्हा ती पिंपांत भरून निघे आणि मांस मागे उरे.