इटलीत जेवायचं कुठे?

इटली पाहून आलेल्या वाचकांची एक तक्रार हटकून कानावर येते: कलोसियम डोळे भरून पाहिलं, पण जेवण महाग आणि बेचव मिळालं. सहल कंपनीचं बोट सोडून स्वतः फिरणाऱ्यांना हा प्रश्न रोज दोनदा पडतो. म्हणून हा अंक इटलीतल्या खानावळींचा.

हॉटेलांच्या याद्या आम्ही मुद्दामच टाळल्या आहेत. त्या लवकर शिळ्या होतात. त्याऐवजी त्या शहराचा स्वतःचा पदार्थ कोणता, इथून सुरुवात केली आहे. बोलोन्यात रागू, म्हणजे मांसाचा घट्ट सॉस, खातात तो ताल्यातेल्ले या चपट्या, अंडं घातलेल्या पास्त्याबरोबर. दारावर ‘स्पगेटी बोलोनीज’ची पाटी दिसली, तर खुशाल पुढे चालू लागा. रोमचा तेस्ताच्चो हा कामगारांचा भाग. तिथला कत्तलखाना १९७५ साली बंद झाला, पण आतडी, शेपटी अशा हलक्या समजल्या जाणाऱ्या भागांतून घडलेली पाककला तिथल्या साध्या खानावळींनी प्रेमाने जपली आहे. शाकाहारी वाचकांनी नेपल्सचा मारिनारा पिझ्झा जरूर खावा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल, बस्स. चीज नसल्यामुळे, पार्मेजान किंवा पेकोरिनोत दूध गोठवायला वापरलेल्या प्राणिज रेनेटचीही काळजी नाही.

आणि रात्री साडेसातच्या आत जेवायची घाई करू नका. स्थानिक मंडळी त्यानंतरच बाहेर पडतात.

तुम्हाला गवसलेली जागाही आम्हाला कळवा. शहर, गल्ली, काय खाल्लं, बिल किती झालं, सगळं लिहा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.