अडगळींतील मोटार

विजयादशमीच्या सायंकाळीं कोल्हापूरच्या दसरा चौकांत सोनें लुटण्यास जमलेल्या गर्दीचे डोळे ज्या वाहनाच्या वाटेकडे लागलेले असतात, तें म्हणजे छत्रपतींच्या घराण्यांतील जुनी मेबाख मोटार. जर्मनींतील ज्या कारखान्यानें झेपेलिन हवाई जहाजांचीं इंजिनें घडविलीं, त्यानेंच पुढें ह्या मोटारी बांधल्या. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तें काम थांबलें. म्हणजे तिचे सुटे भाग दुकानांत मागावयाची सोय केव्हांच सरली. तरीहि ती दसऱ्यास स्वतःच्या चाकांवर चौकांत येते. पाहणारे तिच्या थाटाचें कौतुक करितात. आम्हांस तिला नेमून दिलेल्या त्या तारखेचें अधिक कौतुक वाटतें. ज्या वाहनास ठरल्या दिवशीं बाहेर पडावयाचें आहे, त्याच्याकडे त्या दिवसापूर्वीं कोणाला तरी लक्ष द्यावेंच लागतें. ज्याला अशी तारीख नाहीं, तें जागच्या जागीं कुजत जातें.

आमच्या वाचकांच्या घरीं मेबाख असण्याचा संभव नाहीं. फियाट मात्र पुष्कळांकडे होती. वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून तिचें जें रूप बांधलें जाऊं लागलें, तेंच पुढें पद्मिनी ह्या नांवानें शतकाच्या अखेरपर्यंत चाललें. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत उतरली. घरोघरच्या पद्मिनी मात्र त्याच्या कितीतरी आधीं उतरल्या होत्या. घरांतील वडील मंडळींपैकीं जे ती चालवीत, ते थकले किंवा निवर्तले. मुलांनीं नव्या मोटारी घेतल्या. आणि जुनी मोटार वाड्याच्या मागील पडवींत ताडपत्रीखालीं गेली. दोन उन्हाळे उलटले कीं तिच्या टपावर कुरडयांचें पातळ वाळूं लागतें, आणि मागच्या बैठकींत रद्दीचे गठ्ठे जाऊन बसतात. विकावी असें कोणी म्हणत नाहीं, चालवावी असेंहि कोणी म्हणत नाहीं.

मग एखाद्या वैशाखांत पुण्यामुंबईचा पुतण्या सुटीस येतो. येतांना नवी बॅटरी घेऊन येतो, आणि आल्याआल्या विचारतो, “काका, चावी कुठें आहे?” काकांना भरून येतें. सारें घर पडवींत गोळा होतें, आणि किल्ली फिरविली जाते. इंजिन खोकलें, धूर निघाला, कीं टाळ्या पडतात. लहान मुलें रद्दी बाहेर लोटून आंत चढतात. आणि स्वारी थेट रंकाळ्याकडे निघते. हा प्रकार आम्हीं एकाहून अधिक घरीं पाहिला आहे, व प्रत्येक वेळीं आमच्या पोटांत गोळा आला आहे. वर्षानुवर्षें उभ्या राहिलेल्या मोटारीस चालतें करण्याचा हा क्रम नेमका उलटा आहे. इंजिन चालूं होणें हें सर्वांत शेवटचें काम. ती मोटार थांबेल कीं नाहीं, हें पहिलें.

ब्रेकविषयीं म्हणूनच आम्ही थोडें विस्तारानें लिहितों. पायांतील पट्टी दाबली कीं तिच्यामागचा मास्टर सिलिंडर नळ्यांतून तेल लोटतो, तें तेल चाकांतील लहान सिलिंडरांना रेटतें, आणि ते ब्रेकच्या पट्ट्या फिरत्या ड्रमवर दाबतात. ह्या तेलाचा स्वभाव असा कीं तें हवेंतील ओल शोषून घेतें. कोल्हापूरसारख्या चार महिने पागोळ्या न थांबणाऱ्या गांवीं तर ओलीस तोटा नाहीं. ती ओल सिलिंडरच्या आंतल्या गुळगुळीत भिंतीवर गंजाचे खड्डे पाडते, आणि रबरी वायसर वाळून ताठ होतात. बाहेरून कांहींच दिसत नाहीं. पट्टी दाबून पाहिली तर ती पडवींत घट्टहि लागते, आणि घरचे म्हणतात, ब्रेक उत्तम आहेत. पण घाटांतील उतारावर वरचेवर ब्रेक दाबून तें तेल तापतें, त्यांतील पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबलें जात नाहीं. आणि पाय थेट तळाला टेंकतो. गगनबावड्याहून कोंकणांत उतरणाऱ्या रस्त्यावर हें झालें तर काय, तें आम्ही लिहीत नाहीं. जुन्या मोटारींपैकीं पुष्कळांत चारहि चाकांस मिळून तेलाची एकच वाट असते, त्यामुळें एका ठिकाणचें रबर फाटलें कीं चारहि चाकें मोकळीं होतात.

तेव्हां जुनें तेल सर्व काढून टाकावें, रबरी नळ्या व वायसर झाडून सारे नवे घालावे, सिलिंडर उघडून नखानें चांचपून पाहावे. खड्डा नखाला लागला तर सिलिंडर बदलावा. पॉलिश करून चालवूं, हा सल्ला ऐकूं नये. नवा मिळालाच नाहीं तर उद्यमनगरांत लेथवर आंतून नवी नळी बसवून देणारे कारागीर अजून आहेत, आणि ह्या बाबतींत कोल्हापूर इतर गांवांपेक्षां भाग्यवान्. हातब्रेक ओढून ठेवलेला असेल तर पट्ट्या ड्रमला चिकटलेल्या निघतात. हें सर्व करितांना मोटार नुसत्या जॅकवर टांगून तिच्याखालीं कोणीं शिरूं नये. भक्कम लांकडी ठोकळे दिल्यावांचून तर मुळींच नाहीं.

टायरांविषयीं थोडक्यांत. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, हा समज चुकीचा. रबर वयानें मरतें. टायरच्या भिंतीवर चार आंकडे एकत्र छापलेले असतात. २३१२ असे असले तर तो २०१२ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत झाला. दहा वर्षें उलटलेला टायर कितीहि नवा दिसो, उतरवून टाकावा.

आतां इंजिन. किल्ली फिरविण्यापूर्वीं प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत चमचाभर इंजिनचें तेल सोडावें आणि रात्रभर राहूं द्यावें. वर्षानुवर्षें कोरड्या राहिलेल्या भिंतीवर पिस्टनच्या कड्या गंजानें धरलेल्या असतात. स्टार्टरच्या हिसक्यानें त्या मोडतात, आणि शंभर रुपयांत होणारें काम हजारोंवर जातें. दुसऱ्या दिवशीं इंजिन प्रथम हातानें फिरवावें. तें सुखानें फिरलें, तर जुनें तेल काढून नवें घालावें. जुनें तेल ताकासारखें पांढुरकें निघालें तर आंत पाणी शिरलें आहे असें समजावें. २०१९ व २०२१ च्या पंचगंगेच्या पुरांत बुडालेल्या मोटारींच्या बाबतींत तर ही परीक्षा चुकवूंच नये. उंदरांनीं तारा कुरतडल्या आहेत काय तेंहि त्याच वेळीं पाहावें. उघड्या तारेला नवी बॅटरी जोडणें म्हणजे घराला काडी लावणें.

टाकींतील पेट्रोल वासावरून ओळखूं येतें. शिळ्या पेट्रोलला व्हार्निशासारखा वास येतो, आणि त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या सुईएवढ्या छिद्रांत जाऊन बसतो. तें सर्व ओतून काढावें, टाकी धुवावी. येथें एक नवी अडचण उभी राहिली आहे. २०२३ पासून पंपांवर जें पेट्रोल मिळूं लागलें, त्यांत शेंकडा वीस भाग इथेनॉल असतें. इथेनॉल पाणी ओढतें, आणि जुन्या मोटारींचीं रबरें त्याच्या संगतीसाठीं घडविलेलीं नाहींत; त्या नळ्या मऊ पडून पाझरूं लागतात. आपल्याच जिल्ह्यांतील उसानें आपल्याच पडवींतील मोटारीशीं असें वैर धरावें, ही मौजच! उपाय एवढाच कीं पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या नव्या घालाव्या, आणि टाकी भरून मोटार महिनोन्महिने उभी ठेवूं नये.

ह्या साऱ्या खर्चाच्या आधीं एक परीक्षा अवश्य करावी. मोटारीच्या तळाचा पत्रा, विशेषतः चाकांचे सांधे जेथें अडकविलेले असतात तेथला, लहान हातोडीनें वाजवून पाहावा. खणखणीत वाजला तर पुढें जावें. हातोडी आंत गेली तर काकांच्या भावना कितीहि कोमल असोत, ती मोटार सरकारमान्य भंगार केंद्रांत द्यावी आणि नोंदणी रद्द केल्याचा कागद हातीं घ्यावा. आठवण म्हणून पाहिजे तर चाक ठेवावें.

राहतां राहिला कागदांचा प्रश्न, आणि आमच्या मतें एकत्र कुटुंबांतील निम्म्या मोटारी यंत्रामुळें नव्हे, ह्याच प्रश्नामुळें पडवींत आहेत. नोंदणी अद्याप निवर्तलेल्या वडिलांच्या नांवें असते. १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें मालक वारल्यावर तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचें आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नांव बदलावयाचें असतें. त्यासाठीं एकाचें नांव पुढें करावें लागतें, इतर वारसांची संमति लागते; आणि वडिलांची मोटार थोरल्याची कीं धाकट्याची, हा विषय कोणीच काढीत नाहीं. भिडेपोटीं तो टाळला जातो. पण वडिलांच्या नांवाची, विमा सरलेली मोटार पुतण्यानें रस्त्यावर आणली आणि एखादा पादचारी खालीं सांपडला, तर तो विषय न्यायालयांत निघतो. चार भावांनीं एका संध्याकाळीं बसून नांव ठरवावें, विमा त्याच नांवानें उतरवावा, मगच मिस्त्रीस बोलवावें. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. वीस वर्षांवरील मोटारींसाठीं २०२५ मध्यें ती फी दहा हजार रुपये झाली. पन्नास वर्षें पुरीं केलेल्या व मूळ रूपांत राखलेल्या मोटारींसाठीं २०२१ च्या नियमांनीं निराळी नोंदणी काढली असून तिची फी वीस हजार रुपये आहे. ती घेणारास मोटार प्रदर्शनांत, मेळाव्यांत किंवा दुरुस्तीसाठींच रस्त्यावर आणतां येते. महालक्ष्मीच्या दर्शनास किंवा मुलांना शाळेंत पोंचविण्यास जिचा उपयोग करावयाचा, तिनें साध्या नोंदणीवरच राहावें.

सर्व झाल्यावर पहिली फेरी एकट्यानें, सकाळीं रहदारीपूर्वीं, सपाट रस्त्यावर घ्यावी. मुलें कितीहि रडोत, बरोबर नेऊं नयेत. प्रथम पायीं चालण्याच्या वेगानें दहा वेळां थांबून पाहावें. परत आल्यावर चाकें हातानें चांचपावीं. एखादेंच फार तापलें असेल तर तेथला ब्रेक सुटत नाहीं. रात्रीं मोटारीखालीं जुनीं वर्तमानपत्रें अंथरून ठेवावीं. मधोमध पडलेला इंजिनच्या तेलाचा डाग चार दिवस चालेल. चाकाच्या आंतल्या बाजूस ओला डाग दिसला, तर सकाळीं चावी काकांकडेच राहूं द्यावी आणि मिस्त्रीस पुन्हां निरोप धाडावा.