फुलाचा एक फोटो पुरत नाही

मे लागला की विचारणा सुरू होते. पान नाही, नुसता लाल गोळा उगवलाय, कसलं झाड? ती फुटबॉल लिली, मूळची आफ्रिकेची. नया नगरच्या गॅलरीतली कुंडी असो की आपलं परसदार, ती चटकन ओळखू येते. बाकीच्यांचं तसं नाही.

माझं म्हणणं, एका फोटोवरून नाव सांगूही नये, मागूही नये. खाली कांदा आहे, गड्डा आहे की मुळ्यांचा झुपका, ते आधी बघा. रानकांद्याला उन्हाळ्यात नुसता उंच दांडा येतो, पानं पावसात. दिसायला आपल्या कांद्यासारखाच, पण चुरगळला तर कांद्याचा वास नाही, आणि विष थेट हृदयावर जातं. कळलावीच्या पानाचं टोक तणाव्यासारखं वळतं. तिच्या गड्ड्यात कोल्चिसीन असतं, कंद म्हणून शिजवला तर जिवाशी गाठ.

याउलट सफेद मुसळी, मुळ्यांचा झुपका, औषधी. तिच्या शास्त्रीय नावात मिरा रोडशेजारचं बोरिवली आहे, १९५५ साली सांतापाव आणि फर्नांडिस यांनी दिलेलं. हे आपल्यातल्या किती मुसळीवाल्यांना माहीत आहे?

तेव्हा फोटो पाठवताना पान, फूल आणि उकरलेला कांदा तिन्ही पाठवा, फूल कधी आलं तेही लिहा. तोवर गुरं आणि पोरं लांब ठेवा.