विश्लेषण : नव्या कारवरचे ‘एक्स्ट्रा’ सामान विम्यात मोजले जाते का?

पेणच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाचा ‘एमएच ०६’ क्रमांक घेऊन रस्त्यावर येणाऱ्या नव्या गाड्यांपैकी अनेकींवर शोरूममधून बाहेर पडतानाच टचस्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, अलॉय व्हील, सीट कव्हर असे जादा सामान चढलेले असते. काही जण महिना-दोन महिन्यांत सीएनजी किटही बसवून घेतात. गाडीचा ‘फुल इन्शुरन्स’ आहे, म्हणजे हे सगळे त्यात आले, असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात पॉलिसीत स्वतंत्र नोंद नसेल तर अपघात, चोरी किंवा पुरानंतर या सामानाची भरपाई सहसा मिळत नाही. पावसाळ्यात कुंडलिका आणि अंबेचे पाणी रस्त्यावर येणाऱ्या रोहा-नागोठणे पट्ट्यात हा प्रश्न कागदोपत्री राहत नाही.

विम्याची रक्कम कशावर ठरते?

कारच्या विम्यातील कळीचा आकडा म्हणजे आयडीव्ही, अर्थात विमा कंपनीने मान्य केलेली गाडीची किंमत. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला, तर ती ‘टोटल लॉस’ धरून याच आकड्यावर भरपाई ठरते. हा आकडा त्या मॉडेलच्या उत्पादकाने जाहीर केलेल्या विक्री किमतीवरून, घसारा वजा करून काढतात. घसारा पहिल्या सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के असतो.

महागड्या व्हेरियंटमध्ये कारखान्यातूनच आलेला सनरूफ किंवा टचस्क्रीन त्या जाहीर किमतीत धरलेला असतो, त्याची वेगळी नोंद लागत नाही. खालचा व्हेरियंट घेऊन त्यावर डीलरकडे बसवलेली तीच टचस्क्रीन मात्र त्या किमतीत नसते.

कंपनीच्या ‘जेन्युइन’ अ‍ॅक्सेसरीजही सांगाव्या लागतात का?

होय, आणि गफलत सर्वाधिक होते ती इथेच. सामान गाडीच्याच कंपनीचे, बसवले अधिकृत डीलरने, म्हणून ते विम्यात आलेच असेल असे ग्राहकाला वाटते. विमा कंपनी ब्रँड पाहत नाही. ती वस्तू जाहीर विक्री किमतीत होती का, एवढेच पाहते. डीलर बहुतेक वेळा गाडीचे बिल वेगळे आणि अ‍ॅक्सेसरीजचे बिल वेगळे करतो. विमा काढताना पहिलेच बिल पुढे गेले, तर दुसऱ्या बिलातली एकही वस्तू पॉलिसीत येत नाही. ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ हे जोडकवच घेतले असले तरी वेगळ्या बिलावरचे, न नोंदवलेले सामान त्यात आपोआप धरले जाईल असे समजू नये.

नोंदीला खर्च किती येतो?

पॉलिसीत साधारण तीन रकाने असतात : इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज, नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज आणि सीएनजी-एलपीजी किट. म्युझिक सिस्टीम, कॅमेरा, जादा दिवे पहिल्यात. सीट कव्हर, अलॉय व्हील, रूफ रेल दुसऱ्यात. २००२च्या मोटार विमा दरपत्रकात इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी त्यांच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता ठरवला होता. १ जानेवारी २००७पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर खुले झाले, त्यामुळे कंपनीगणिक फरक पडतो. पण अंदाज बांधायला हा आकडा चालतो.

समजा, नव्या गाडीवर ४० हजार रुपयांची टचस्क्रीन आणि कॅमेरा बसवला. ५ टक्के घसारा जाऊन किंमत ३८ हजार. त्यावर ४ टक्के म्हणजे १,५२० रुपये आणि १८ टक्के जीएसटी धरून वर्षाला सुमारे १,८०० रुपये. नॉन-इलेक्ट्रिकल वस्तूंची किंमत आयडीव्हीत मिळवून गाडीच्याच दराने हप्ता लागतो, म्हणजे तो आणखी कमी असतो. मात्र सामानालाही घसारा लागतो. तिसऱ्या वर्षी याच ४० हजारांचे विम्याच्या हिशेबात २८ हजार होतात. त्यामुळे दोन-तीन हजारांच्या मॅट किंवा मडफ्लॅपसाठी नोंदीचा खटाटोप फारसा फायद्याचा नाही. पन्नास हजारांच्या सामानासाठी आहे.

सीएनजी किटचे काय?

किटचे प्रकरण यापेक्षा गंभीर आहे, कारण त्यात विम्याबरोबर मोटार वाहन कायदाही येतो. बाहेरून बसवलेले किट मान्यताप्राप्त असावे लागते आणि कायद्याच्या कलम ५२नुसार त्या बदलाची नोंद आरसीवर करावी लागते. पेण-रोह्यातील बहुतेक गाड्यांसाठी हे काम पेणच्या कार्यालयाच्या अखत्यारीत येते. त्यानंतर विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर ‘एन्डॉर्समेंट’ घ्यायची. जुन्या दरपत्रकात यासाठीही किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टी भागासाठी ६० रुपये जादा होते.

नोंद नसलेल्या किटच्या गाडीला आग लागली, तर वाद फक्त किटच्या किमतीचा राहत नाही. गाडीत मोठा बदल करून तो दडवला, या मुद्द्यावर कंपनी संपूर्ण दावाच अडवू शकते.

नोंद केली तरी न चालणारे सामान कोणते?

विमा कंपनीला सांगितले म्हणून बेकायदा बदल कायदेशीर होत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७मध्येच बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी बदलता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केले. नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. जादा दिव्यांसाठी मूळ वायरिंग कापली असेल, तर गाडीची वॉरंटीही धोक्यात येते.

ग्राहकाने नेमके काय करावे?

नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा सक्तीचा असला, तरी स्वतःच्या नुकसानीचा भाग सहसा एक वर्षाचाच असतो. अ‍ॅक्सेसरीज याच भागात येतात, म्हणून दर नूतनीकरणाला ते रकाने पुन्हा पाहावे लागतात. ऑनलाइन स्वस्त पॉलिसी घेताना हे रकाने शून्यावर राहिले, तर आधीची नोंद निघून जाते. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. पण त्याच्याकडून घेतलाच, तर डिलिव्हरीपूर्वी अ‍ॅक्सेसरीजचे जीएसटी बिल देऊन रकमा पॉलिसीत चढल्याची खात्री करावी. सामान नंतर बसवले तर बिल आणि फोटो पाठवून मुदतीच्या मध्येही नोंद करता येते. कंपनी गाडीची तपासणी मागू शकते.

नोंद असूनही दावा नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षभराच्या आत जाता येते. तिथे शुल्क नाही आणि भरपाईची मर्यादा ५० लाख रुपये आहे. ‘बिमा भरोसा’ पोर्टल आणि १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. ग्राहक आयोगाचा मार्ग दोन वर्षे खुला असतो. रायगडचा जिल्हा आयोग अलिबागला आहे. या प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा मागितले जाणारे कागद दोनच : अ‍ॅक्सेसरीजचे बिल आणि ती रक्कम दाखवणारे पॉलिसीचे पान.