शंभर वर्षांचा आकडा आणि पेडण्याची हवा

गेल्या चवथीच्या आधी एक काकी पेडणे बाजारातल्या माझ्या स्टुडिओत आल्या. पिशवीतली फ्रेम टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ह्यांचें तोंड तांबडें कित्याक जालें रे, बाबा?" त्यांच्या यजमानांचा तो फोटो बाराव्याला मीच छापून दिला होता. चार वर्षं ओसरीवर होता, काच नव्हती. शेजारीच टांगलेला त्यांच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो मात्र अजून लख्ख आहे.

तो चांदीचा, हा इंकजेटचा. प्रिंटरमध्ये मी बाजारातली सुटी, स्वस्त डाय शाई भरली होती. चूक माझीच. पण कागदाच्या पाकिटावर फोटो शंभर वर्षं टिकेल असं छापलं होतं आणि मी त्यावर विसंबलो होतो.

हा आकडा येतो कुठून, ते मी मग वाचून काढलं. अमेरिकेत आयोवातल्या ग्रिनेल गावी हेन्री विल्हेम यांची प्रयोगशाळा आहे. तिथे छापलेला नमुना ३५,००० लक्स उजेडाखाली, २४ अंश तापमानात आणि ६० टक्के आर्द्रतेत ठेवतात. घरात रोज १२ तास ४५० लक्स उजेड पडतो असं धरून त्यावरून वर्षं काढतात. दिवा रात्रंदिवस जळला तर तिथला एक दिवस घरच्या सुमारे १५५ दिवसांएवढा. कोडॅकने घरातला उजेड १२० लक्सच धरला होता. रंग तेवढाच उडाला तरी वर्षं पावणेचार पट!

आणि ६० टक्के आर्द्रता? आमच्याकडे मिरगापासून चवथीपर्यंत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. अशा ओलीत डाय शाई कागदात पसरत जाते. शिवाय चटकन सुकणाऱ्या सच्छिद्र कागदात हवेतला ओझोन शिरतो आणि निळी शाई आधी खातो. उरतो तांबूसपणा. २००० साली एप्सनच्या नव्या फोटो प्रिंटरांच्या प्रती काही ठिकाणी थोड्याच दिवसांत नारिंगी पडल्या, त्या याच ओझोनमुळे. नुसती उजेडाची चाचणी हे सांगत नाही. विल्हेम यांच्या कामाबद्दल मला आदरच आहे. माझी तक्रार आहे ती अटी गाळून नुसता आकडा छापणाऱ्यांबद्दल.

म्हणून मी एकच फोटो डाय आणि पिगमेंट अशा दोन शायांत छापला, प्रत्येकाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला आणि दोन्ही पश्चिमेच्या खिडकीत लावले. दसऱ्यापर्यंत डाय शाईच्या फोटोत झाकलेल्या आणि उघड्या भागामधली रेघ लांबूनही दिसू लागली. पिगमेंट शाईच्या फोटोत ती शोधावी लागते.

गोव्यातल्या प्रत्येक स्टुडिओने असा अर्धा झाकलेला नमुना दुकानात लावावा. फोटोमागे शाई, कागद आणि महिना-साल पेन्सिलीने लिहावं. शाळा, पंचायती, देवस्थान समित्या हारासाठी फोटो करून घेतात. त्यांनी दर विचारण्याआधी शाई विचारावी. पिगमेंट शाई महाग पडते, मान्य. पण गेलेल्या माणसाचा बऱ्याच घरांत तेवढा एकच फोटो असतो.

काकींना मी फोटो नव्याने छापून दिला, पैसे घेतले नाहीत. काच बसवली, ओसरीऐवजी आतल्या खोलीत लावायला सांगितलं. त्यांनी विचारलं, "आतां किती वर्सां रावतलो?" मी आकडा सांगितला नाही. त्यांना खिडकीपाशी नेलं आणि काळा कागद उचलून दाखवला.